नाव न घेणारे अण्णा

आमच्या हुबळीच्या देशपांडे नगरातले अण्णा बटाट्याचा भावसुद्धा कुजबुजत विचारतात. आधी मागं वळून बघणार, मग भाजीवालीच्या कानाशी लागणार. तीही बिचारी आता कानातच भाव सांगते.

अण्णांनी नव्वदी केव्हाच ओलांडली. चले जावच्या वेळी शाळा सोडून भूमिगत झाले, पुढं आमदार म्हणून या भागात त्यांचा दरारा होता. पण भूमिगतपणा काही सुटला नाही. ते कुणालाच नावानं हाक मारत नाहीत. सगळेच 'आपला माणूस', त्यामुळे एक हाक मारली की चौघं धावतात. सभेत आभार मानायची वेळ आली की "ज्यांनी केलं त्यांना माहीत आहे की," म्हणून खाली बसायचे. सतरंज्या घालून दमलेले कार्यकर्ते नुसते चडफडायचे. लग्नात तर उखाणा घेतला आणि नेमकं काकूंचं नावच गाळलं! काकू ते मरेपर्यंत विसरल्या नाहीत.

गेल्या महिन्यात अण्णा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. मी शेजारी, मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, पूर्ण भूल द्यावी लागेल. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. पोलिसांच्या लाठ्या खाल्लेला माणूस सुईला भ्याला म्हणून मला हसू आलं.

"सुईला नाही रे. गुंगीत माणूस बडबडतो म्हणे. खरं काय?"

"बडबडतात काही जण."

त्यांनी माझं मनगट धरलं. मग पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं. जुन्या हुबळीत एका विधवा बाईनं त्यांना घरात लपवलं होतं. कळलं असतं तर सासरच्यांनी तिला रस्त्यावर काढलं असतं. पुढं अण्णा पकडले गेले, चौकीत तळपायांवर छड्या खाल्ल्या, पण तिचं नाव दिलं नाही. नंतरही कुणाला सांगितलं नाही, काकूंनासुद्धा.

"अण्णा, आता कोण राहिलंय त्यातलं?"

"ते असू दे की. शुद्धीवर येताना तू एकटाच जवळ बस. नीट कान देऊन ऐक. दुसरं कुणी नको."

ऑपरेशन झालं. त्यांच्या मुलीला बाहेर बसवून मी खाटेशी बसलो आणि मलाच भीती वाटायला लागली. अण्णा जागे होतील ना? आणि ज्या नावासाठी त्यांनी एवढा मार खाल्ला, ते ऐकून मी काय करू? तेवढ्यात ओठ हलले. मी वाकलो.

"अक्का, बागला तगी. अंजिकी आगताद."

अक्का, दार उघड, भीती वाटते. कानडीत, आणि आवाज अगदी शाळकरी पोराचा. एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

संध्याकाळी पुरती शुद्ध आल्यावर त्यांनी आधी दाराकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नाव घेतलं मी?"

"नाही अण्णा. एकदाही नाही. नुसतं अक्का म्हणत होता."

म्हातारा आता निवांत झोपेल, असं मला वाटलं. पण त्यांचे डोळे भरून आले.

"गुंगीत तरी येईल वाटलं होतं," ते म्हणाले. "दिवाळीपासून आठवेनाच झालंय रे."