बुचडेवाल्याचा श्वास आणि माझा ब्रेक

आत्मप्रौढी नाही, पण या शहरात नीट वळणारी प्रत्येक तिसरी गाडी माझ्या हाताखालून गेलेली आहे. बावीस वर्षं मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली माझा स्वतःचा वेगळा ब्रेक. मी 'डावीकडे' म्हटलं की डॉक्टर डावीकडे वळतात, वकील वळतात, एकदा तर एक न्यायाधीशबाईसुद्धा वळल्या होत्या. आवाजात वजनच तसं आहे.

हे वजन घराच्या दाराबाहेर चपलांपाशी राहतं, ही गोष्ट वेगळी. बायकोलाही गाडी मीच शिकवली, आठ वर्षांपूर्वी. ती झकास चालवते म्हणे. 'म्हणे' अशासाठी, की मी शेजारी बसलो की ती किल्ली माझ्या हातात देते आणि मागे जाऊन बसते. का, ते आजवर सांगितलेलं नाही. घरात मी 'दार लाव' म्हटलं तर 'का?' विचारते. 'पंखा कमी कर' म्हटलं तर 'कोणाला गरम होत नाहीये?' असं विचारते.

अशा बाईला मी एका सकाळी हॉलमध्ये एका परक्या माणसाचं निमूटपणे ऐकताना बघितलं.

तो टीव्हीवर होता. अनवाणी, राखाडी पायजमा, डोक्यावर बुचडा. "श्वास घ्या," तो म्हणाला. हिनं घेतला. "डावा पाय अलगद मागे." हिनं नेला, आणि तोही अलगद! माझ्या देखत!

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"विन्यास योग," ती घाम पुसत म्हणाली. "एका आसनातून दुसऱ्या आसनात न थांबता जायचं, श्वासाच्या तालावर."

"म्हणजे गिअर बदलणं."

"सर असं काही म्हणाले नाहीत."

सर! बावीस वर्षांत मला घरात कोणी सर म्हटलेलं नाही. छातीत जळजळ सुरू झाली, आणि ती पित्ताची नव्हती हे मला तेव्हाच कळलं. त्यात आमच्या आईसाहेब खुर्चीत बसून चहा पीत रोज तो कार्यक्रम बघायला लागल्या.

"किती गोड समजावून सांगतो गं हा," आई म्हणाली. "नाहीतर आमचा. वेळ विचारली तरी ओरडून सांगतो."

त्या दिवशी मी ठरवलं. हा सगळा विन्यास गुपचूप शिकायचा. मग एका सकाळी ऐन रंगात आल्यावर वायफायचं बटण बंद करायचं, बुचडेवाला गप्प होईल, आणि पुढच्या सूचना माझ्या आवाजात! गिअर बदलायला बावीस वर्षं शिकवतोय, पाय मागे घ्यायला किती दिवस लागतात?

दहा दिवस लागले. स्कूलच्या वर्गात, दार लोटून, वाहतुकीच्या चिन्हांच्या तक्त्याखाली सराव केला. एकदा हात-पाय जमिनीवर आणि कंबर छताकडे अशा अवस्थेत असताना एक विद्यार्थिनी आत आली.

"सर, काय हरवलंय?" तिनं विचारलं आणि बिचारी माझ्याबरोबर टेबलाखाली शोधायला लागली. मी 'पेन' म्हणालो. तिनं शोधूनही दिलं.

गुरुवार उजाडला. हीसुद्धा हात-पाय जमिनीवर, कंबर वर, डोकं खाली. मी दाराआड. बटण दाबलं. बुचडेवाला तोंड उघडं ठेवूनच थिजला.

"अडकलं वाटतं," डोकं खाली ठेवूनच ही म्हणाली.

मी पाऊल न वाजवता तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि आवाजात होता नव्हता तेवढा मध ओतला. "श्वास घ्या. उजवा पाय पुढे."

तिनं घेतला! पाय पुढे आला! 'का?' नाही, 'कशाला?' नाही!

"आज सरांचा आवाज बसलाय का हो, आई?" तिनं विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलं, चहाचा घोट घेतला. "सर्दी असेल," ती म्हणाली. आईला करमणूक मोडायची नव्हती.

आता खरं तर मी त्याचा आवाज उसना घेतला होता, पण यश ते यश. मला ते चढलं. मीही तिच्या मागे सतरंजीवर उभा राहून बरोबरीनं आसनं करायला लागलो. हात वर, कंबरेत वाका, पाय मागे, छाती वर. सहा आसनं अशी वाहिली म्हणून सांगू! सातवं मात्र आठवेना. आणि विन्यासात थांबायचं नसतं ही तर मुख्य अट. मग मी मनानंच रचत सुटलो.

"डावा पाय उचला. उजवा हात गुडघ्याखालून. डावा हात पाठीमागे. आता मान पूर्ण वळवा," मी म्हणालो, आणि पुढचं वाक्य बावीस वर्षांच्या सवयीनं आपोआप आलं, "मागच्या काचेतून बघा!"

"मागच्या काचेतून?" तिनं वळून बघितलं. मागे मी होतो, एका पायावर, पिळलेल्या कपड्यासारखा.

तिचा तोल आईच्या खुर्चीकडे गेला. शिकणाऱ्याची गाडी आपटायला आली की माझा उजवा पाय विचार करत नाही. त्यानं करकचून ब्रेक दाबला. दुर्दैवानं त्या वेळी मी त्याच एका पायावर उभा होतो. सतरंजी सरकली. बायकोनं खुर्चीचा हात धरून स्वतःला सावरलं, मला सावरायला कोणी नव्हतं. मानेत कट्‌ झालं आणि तोंड उजव्या खांद्याकडे वळलं ते तिथंच राहिलं.

"वायफाय कोणी बंद केलं?" तिनं विचारलं.

"यानंच," आई म्हणाली. "मी बघितलं ना."

बायकोनं गाडीची किल्ली घेतली. या वेळी ती माझ्या हातात दिली नाही. मला मागच्या सीटवर आडवं केलं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे निघाली. बोललं की मान दुखत होती, म्हणून बावीस वर्षांत पहिल्यांदा मी चालत्या गाडीत गप्प होतो. वळलेल्या मानेमुळे मला फक्त तिचे हात आणि आरसा दिसत होता. वळायच्या आधी आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून एक नजर. मी शिकवलं होतं तस्संच, एक खूणही न चुकता.

"तुला सगळं आठवतंय," मी कण्हत म्हणालो.

"तुम्ही छानच शिकवलंत."

"मग मी शेजारी बसलो की किल्ली का देतेस?"

ती सिग्नलवर थांबली. "तुम्ही शेजारी असलात की मी रस्ता बघत नाही हो, तुमचा पाय बघते. मी काही चुकायच्या आधीच तो ब्रेक शोधायला लागतो. त्या सरांना मी दिसतच नाही. चुकले तरी ते दचकत नाहीत."

मला वाईट वाटलं. मान वळलेली होती, म्हणून तोंड लपवायला सोपं गेलं.

मानेला तीन आठवडे पट्टा बसला. बुचडेवाला रोज सकाळी येतो, मी खुर्चीत आईशेजारी बसून बघतो. बरा शिकवतो, इतपत मान्य करतो.

परवा पट्टा निघाला. परत येताना ती स्टिअरिंगवर बसली आणि म्हणाली, "बसा शेजारी."

आता आली परीक्षा. मी बेल्ट लावला, चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"हे काय?"

"आसन," मी म्हणालो. दोन्ही पाय बंदोबस्तात.

दोन सिग्नल सुखरूप गेले. मी दुकानांच्या पाट्या वाचत होतो. तिसऱ्या वळणावर गल्लीतून एकदम ट्रक पुढे आला, आणि उजवा पाय मांडीतून कधी सुटला मला कळलं नाही. धाडकन खाली आपटला. घट्ट मिटलेले डोळे उघडून बघतो तर ट्रक निघून गेलेला. आमची गाडी रेषेच्या आत शांत उभी होती, माझ्या पायाच्या बऱ्याच आधी तिनं थांबवलेली.

तिनं खाली माझ्या पायाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"श्वास सोडा," ती म्हणाली.

सोडला. दुसरं करणार काय, आमच्या घरच्या गाडीला त्या बाजूला ब्रेक नाहीच.