सासऱ्यांचं पिस्तूल मी उघडलं

"बघू जरा," असं मी म्हणालो. एवढंच. पण माणसाने घरात उच्चारू नयेत अशा शब्दांची यादी केली, तर हे दोन फार वर येतील. (खात्री नसेल तर आमच्या पंख्याला, नळाला आणि रेडिओला विचारा. रेडिओ आता बोलत नाही, तेव्हा पहिल्या दोघांनाच विचारा.)

मी टाइपरायटर दुरुस्त करतो. बावीस वर्षं करतोय. त्यामुळे ज्या वस्तूत स्प्रिंग आहे ती आपल्या हातातली, असा माझा एक समज आहे. बायकोच्या मते गैरसमज.

सासऱ्यांचं घर रंगवायला काढलं होतं म्हणून सासू-सासरे आठ दिवस आमच्याकडे राहायला आले होते. सोबत दोन बॅगा, एक उशी (सासऱ्यांना परक्या उशीवर झोप येत नाही) आणि एक लाकडी पेटी. पेटीत पिस्तूल. जुनं, जर्मन, लष्करी. नळीत शिसं ओतून कायमचं मुकं केलेलं, तसा सरकारी दाखलाही सोबत. पण म्हणून त्याचा रुबाब काही उतरला नव्हता.

सासरे महायुद्धावर जाऊन आलेले. त्या पिस्तुलाची हकीकत मी लग्नापासून ऐकतोय. पडकी भिंत, उंचापुरा जर्मन अधिकारी, सासऱ्यांची रोखलेली बंदूक, आणि शेवटी तो अधिकारी टाचा जुळवून, सलाम ठोकून पिस्तूल यांच्या हवाली करतो. दर खेपेला अधिकाऱ्याची उंची दोन इंचांनी वाढते. गेल्या वेळच्या मापाने तो आमच्या दारातून वाकून आला असता.

तर, माजी सैनिकांचं एक प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात हे पिस्तूल मांडायचं होतं. रविवारी संध्याकाळी पाच वाजता संग्रहालयातून तज्ज्ञ येऊन ते ओळखणार, तपासणार, त्याची माहिती लिहून घेणार. सासऱ्यांनी दुपारीच ते बाहेर काढलं, पुसलं, तेल दिलं, एरवी वेगळं ठेवलेलं गोळ्यांचं रिकामं मॅगझिन त्याच्या मुठीत सारलं. आणि घोडं अडलं.

या पिस्तुलाला वरच्या बाजूला एक जोड असतो, माणसाच्या कोपरासारखा. मागे ओढला की दुमडून वर उभा राहतो, सोडला की खाली बसतो. तो उभा राहिला तो राहिलाच. सासऱ्यांनी दाबला, गोंजारला, लष्करी भाषेत चार शब्द सुनावले. ढिम्म.

"बघू जरा," मी म्हणालो.

"अहो, नको," स्वयंपाकघरातून बायको ओरडली. (तिला मी दिसतही नव्हतो. सूर ओळखते.)

"स्प्रिंग थकलीय," मी निदान केलं. "पाच मिनिटांचं काम."

"जावईबापू, पाचाला ते लोक येतील," सासरे म्हणाले.

"आत्ता तीन वाजलेत, बाबा. पाच मिनिटं आणि वर जवळजवळ दोन तास आहेत आपल्याकडे."

मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि सुरुवात केली. पहिले चार भाग निघाले ते लोण्यातून केस निघावा तसे. सासऱ्यांच्या डोळ्यांत मला प्रथमच आदर दिसला. पाचवा भाग काढताना 'टंग' असा आवाज झाला आणि एक स्प्रिंग माझ्या कानाजवळून गेली. युद्ध संपून इतकी वर्षं झाली, तरी त्या पिस्तुलाने अखेर एकावर नेम धरला होता.

पाऊण तास आम्ही दोघं जमिनीवर रांगत होतो. सोफ्याखाली पेनाची तीन टोपणं आणि बायकोचं एक कानातलं सापडलं. (ते हरवल्याबद्दल मी दोन वर्षं ऐकून घेतलं होतं. माफी मिळाली नाही. "म्हणजे दोन वर्षं सोफ्याखाली झाडलं नाहीत ना तुम्ही?" एवढंच.) स्प्रिंग शेवटी सासऱ्यांच्या उशीच्या अभ्र्यात मिळाली.

आता टेबलावर वीसेक तुकडे होते आणि मला त्यांचा क्रम आठवत नव्हता. अशा वेळी तंत्रज्ञाने गप्प बसू नये, काहीतरी शोध लावावा. मी भिंग काढलं. जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर दोन बारीक आकडे कोरलेले होते.

"वा! जर्मन माणूस बघा," मी म्हणालो. "एका पिस्तुलाच्या सगळ्या भागांवर एकच नंबर. अडुसष्ट, अडुसष्ट, इथेही अडुसष्ट..." आणि मी थांबलो. एका चपट्या पट्टीवर एकोणनव्वद होतं.

"काय झालं?"

"बाबा, ही पट्टी या पिस्तुलाची नाही." माझा आवाज आपोआप वकिलासारखा झाला. "कोणीतरी दुसऱ्या पिस्तुलाची घातलीय. म्हणूनच अडतंय. अधिकाऱ्याचं स्वतःचं पिस्तूल असं जोडकाम केलेलं कसं असेल? खरं सांगा, हे आलं कुठून?"

मी सहज विचारलं होतं. पण सासरे खुर्चीत बसले. चेहरा उतरला. दाराकडे बघून हळूच म्हणाले, "जावईबापू, तो अधिकारी नव्हता हो."

"म्हणजे?"

"मी सामानाच्या कोठारात होतो. चादरी मोजायचो. हे आमच्या आचाऱ्याकडे होतं, त्याला कुठे सापडलं देव जाणे. थंडी मरणाची होती. मी त्याला एक स्वेटर दिला आणि हे घेतलं."

"कुठला स्वेटर?"

हे मी विचारलं नव्हतं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

मी हातातली पट्टी मुठीत लपवली.

"करडा?" सासूबाई म्हणाल्या. "मी विणून पाठवलेला? जखमी मित्राला पांघरला आणि त्याने तुमच्या मांडीवर प्राण सोडला, तो?"

"अगं..."

"त्या मित्रासाठी मी रडले होते!"

त्या आत गेल्या. बायको बाहेर आली, टेबलावरचा ढीग बघितला, बापाचा चेहरा बघितला आणि मला म्हणाली, "एक वस्तू उघडायला घेतली होती ना तुम्ही? चाळीस वर्षांचा संसार उघडलात."

तेवढ्यात बेल वाजली. दारात पांढऱ्या केसांच्या, कापडी पिशवी खांद्याला लावलेल्या एक बाई होत्या.

"आज काही घ्यायचं नाहीये," मी म्हणालो.

"मलाही काही विकायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "मी संग्रहालयातून आलेय. पिस्तूल कुठंय?"

मी टेबलाकडे बोट दाखवलं. त्यांनी ढीग पाहिला. मग मला पाहिलं. डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं.

"बिघाड काय होता?"

"वरचा जोड उघडाच राहत होता. खाली बसत नव्हता."

"रिकामं मॅगझिन आत होतं?"

"हो."

"मग तो उघडाच राहणार. गोळ्या संपल्या हे शिपायाला कळावं म्हणून तशीच रचना केलीय. मॅगझिन काढून जोड जरा मागे ओढून सोडला असता तर बसला असता. म्हणजे बिघाड काहीच नव्हता." त्या क्षणभर थांबल्या. "तेव्हा."

मी शेवटचं शस्त्र काढलं. "पण बाई, ही पट्टी? बाकी सगळीकडे अडुसष्ट आणि हिच्यावर एकोणनव्वद!"

त्यांनी माझ्या हातातली पट्टी घेतली, फिरवून उलटी केली आणि परत माझ्यासमोर धरली. अडुसष्ट.

आयुष्यभर टाइपरायटरचे उलट्या अक्षरांचे खिळे वाचणारा माणूस मी. सासऱ्यांकडे बघायची माझी छाती झाली नाही. बघायची गरजही नव्हती. मानेला चटका जाणवत होता.

बाईंनी पाच मिनिटांत (खरोखरच्या पाच) पिस्तूल जोडलं, शिक्के तपासले. जर्मन लष्कराचं, अस्सल, सगळे भाग मूळचे. मग वही उघडून विचारलं, "तुमच्याकडे आलं कसं?"

सासऱ्यांनी पेटी पुसायला घेतली. मी छताकडे पाहिलं. चहाचा ट्रे घेऊन सासूबाई बाहेर आल्या. डोळे लाल होते, पण ट्रे सरळ होता.

"स्वेटरच्या बदल्यात," त्या म्हणाल्या. "मी विणलेला होता. लिहा."

"खरंच?" बाईंची पेन्सिल थांबली. "सलाम ठोकणारे अधिकारी मला आठवड्याला तीन भेटतात हो. स्वेटर पहिल्यांदाच ऐकतेय. कसा होता?"

"करडा. उंच गळ्याचा. अडीच महिने लागले होते." सासूबाई बसल्या. "वीण दुहेरी होती, म्हणून तर आचाऱ्याने पिस्तूल दिलं. साध्या विणीला कोण देतंय?"

सासऱ्यांनी मान वर केली. "ऊब फार होती त्याला," ते पुटपुटले. "देताना जीवावर आलं होतं."

"मग द्यायचा नव्हता," सासूबाई म्हणाल्या. पण चहाचा पहिला कप त्यांच्यासमोर ठेवला.

प्रदर्शनात आमच्या टेबलाभोवतीच सगळ्यांत जास्त गर्दी होती. पिस्तुलाकडे लोक ओझरतं बघायचे आणि सासूबाईंना विणीबद्दल विचारायचे. सासरे शेजारी उभे राहून "अडीच महिने" एवढंच पुनःपुन्हा सांगत होते. मला वाटलं, चला, शेवट गोड झाला. माझ्या हातूनच झाला म्हणायचा.

परतताना बसमध्ये सासूबाईंच्या चष्म्याची एक काडी लटपटू लागली. बारीक स्क्रू ढिला झाला होता. माझ्या खिशात पेचकस असतोच. मी हात पुढे केला. "आणा इकडे, आई."

सासूबाईंनी चष्मा दोन्ही हातांनी पदराखाली घेतला आणि प्रेमाने म्हणाल्या, "राहू द्या हो. थोडं दिसतंय अजून."