दोन नंबरच्या कॉम्प्युटरवरचे अप्पा

बारा जून. काम: दोन नंबरच्या कॉम्प्युटरचा कर्सर आपोआप पळतो, त्याचं कारण शोधणं.

त्या दिवशी सकाळी मी टेबलावरच्या कॅलेंडरवर हे लिहिलं. त्याखाली लिहिलं, "प्रवेशाचे फॉर्म संपले, छापायला देणे" आणि "घरी: दळण". मी तेव्हा लातूरच्या एका कोचिंग क्लासचं ऑफिस सांभाळत होते. खाली क्लास, वर पोरांच्या खोल्या, गच्चीवर मेस, अशी आमच्या गल्लीतली निम्मी घरं झाली होती. जूनमध्ये मुखेड, बिलोली, अहमदपूरकडून आलेल्या पालकांची रांग पायरीपर्यंत जायची. अशा दिवसांत कॉम्प्युटर बिघडणं म्हणजे लग्नघरी चूल विझण्यासारखं.

दोन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसलिंगअप्पा बसत. साठीचे, किडकिडीत, कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे. आमचे सगळे पेपर तेच टाइप करायचे. ओळ संपली की अप्पा तोंडानं "टण्ण" म्हणत. नुसतं म्हणत नसत. डावा हात उचलून, नसलेल्या टाइपरायटरची नसलेली कॅरेज जोरात उजवीकडे ढकलत. त्या हातापायी माझे तीन चहाचे कप फुटले. चौथ्या वेळी मी स्टीलचा ग्लास आणला.

"अप्पा, इथं ओळ आपोआप खाली जाते," मी शंभर वेळा सांगितलं असेल.

"जात आसंल. पण तिला कुणीतरी जा म्हणायला नको का, ताई?"

टाइप करताना ते स्क्रीनकडे कधी बघत नसत. मान डावीकडे, नजर हस्तलिखितावर. "बोटाला डोळे आसतेत," म्हणायचे. मराठी टाइपिंगची त्यांची इन्स्टिट्यूट होती, औशाकडच्या एका मोठ्या गावात. सहा मशीन. भूकंपात गाव गेलं, तिथले टाइपरायटरही गेले. मग ते लातूरला आले आणि आमच्याकडे लागले, एवढं मला माहीत होतं. त्यापुढे मी विचारलं नव्हतं. आमच्या भागात त्या विषयावर कुणी कुणाला फार विचारत नाही. ज्याला सांगायचं असतं तो सांगतो.

अप्पा स्क्रीनकडे बघत नसल्यामुळेच बेडकाचं प्रकरण झालं. कर्सर मध्येच उडी मारून वर गेला, अप्पा आपले टाइप करत राहिले, आणि भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची शेपटी जीवशास्त्राच्या प्रश्नाला चिकटली. मी तपासायला बसले तेव्हा नेमके पालक आले. पेपर तसाच छापला गेला. बेडकाच्या हृदयाचा ताशी वेग किती किलोमीटर, असा तो प्रश्न झाला. खरी गंमत पुढे आहे. वर्गातल्या बहुतेक पोरांनी त्याचं उत्तर लिहिलं. बऱ्याच जणांचं उत्तर सारखं होतं.

सर हसले नाहीत. सर म्हणजे क्लासचे मालक. एका पालकाने तो पेपर समोरच्या क्लासमध्ये नेऊन दाखवला होता.

"मॅडम," सर मला म्हणाले, "हे कशानं होतंय आणि कोणामुळं होतंय, उद्या सकाळी नऊला मला लेखी पाहिजे. अप्पांमुळं होत असेल तर एक तारखेपासून दुसरा ऑपरेटर बघू. मोंढ्याच्या रस्त्याला कोर्स केलेल्या मुली ढीगभर बसल्यात."

मी "बरं" म्हणाले. मी भावुक बाई नाही. ज्याच्यामुळे काम अडतं त्याला हलवावं, हे मलाही पटतं. पण अप्पा लातुरात एका खोलीत एकटे राहायचे. पुनर्वसनात मिळालेलं घर कुलूप लावून ठेवलेलं. रविवारीसुद्धा क्लासच्या पायरीवर येऊन वर्तमानपत्र वाचत बसायचे. इथून उठून ते जाणार कुठे, हे मला सांगता आलं नसतं.

दुपारी मुनीरभाई आले. हे आधी रेडिओ दुरुस्त करायचे, नंतर टीव्ही, आता कॉम्प्युटर. पेचकस तोच. त्यांनी वायर काढून पुन्हा घातली, मागचं भोक बदललं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला आणि चहा मागवला. स्क्रीनवर कर्सर एकटाच उजवीकडे धावत होता, जसं कुणी स्पेसबारवर अंगठा ठेवून झोपी गेलंय. माऊस हलवला की बाण एका जागी थरथरायचा आणि मग एकदम कोपऱ्यात जाऊन बसायचा.

"व्हायरस हाय, मॅडम," मुनीरभाई म्हणाले.

"मागच्या वेळीही व्हायरसच होता. तुम्ही सगळं पुसून दिलंत."

"मंग परत आला आसंल. हरामखोर जात हाय ती." मग अप्पांकडे बघून, "अप्पा, तुम्ही टाइप करून न्हाई राहिले, कीबोर्डाला मारून राहिले. आहिस्ता! ये लोखंड न्हाई."

"मुनीर, तू रेडिओ दुरुस्त करायचास तवाबी लोकाचाच कान धरायचास," अप्पा शांतपणे म्हणाले. "बातम्या नीट ऐकू येत न्हाईत म्हणलं की म्हणायचास, तुमचेच कान खराब झालेत."

मुनीरभाई हसले, चहा पिऊन गेले. व्हायरस तिथेच राहिला.

मग मी माझ्या पद्धतीनं हिशोब मांडला. मार्चपासून आम्ही तीन कीबोर्ड बदलले होते. एप्रिलमध्ये अप्पांचा बिघडलेला माझ्याकडे आणि माझा चांगला अप्पांकडे, अशी अदलाबदलही केली होती. माझा चांगला कीबोर्ड त्यांच्याकडे पंधरा दिवसांत बिघडला. त्यांचा बिघडलेला मात्र माझ्याकडे आल्यावर होता तेवढाच बिघडलेला राहिला, पुढे गेला नाही. म्हणजे दोष कॉम्प्युटरमध्ये नव्हता. दोष खुर्चीत होता.

संध्याकाळी साडेसहाला शेवटची बॅच सुटली. अप्पा मॉनिटरवर त्यांनी शिवून आणलेलं कापडी झाकण घालत होते. मी म्हणाले, "थांबा," आणि टेबलावर वर्तमानपत्र पसरून कीबोर्ड त्यावर पालथा आपटला.

पांढरट राखाडी भुकटी पडली. चिमूटभर नाही, चांगली चमचाभर.

माऊसच्या पोटातली गोळी काढली. आतल्या दोन्ही बारीक चाकांवर तसाच पांढरा लेप वाळून बसला होता. मी तो नखानं खरवडून बोटांत चोळला. लातूरची धूळ मी चाळीस वर्षं झाडते आहे. ती काळपट असते आणि बोटाला करकरते. ही मऊ होती.

मी वर बघितलं. अप्पांच्या कपाळावर तेच होतं.

"अप्पा, हे भस्म आहे."

"हाव."

"तुम्ही लावता? कीबोर्डला?"

"रोज. सकाळी आल्याबरोबर. तुमच्या आधी येतो की मी. बोट वल्लं करून तीन पट्टे वडायचे, दोन ह्याला, एक त्या उंदराला."

मला राग आला. तीन कीबोर्ड, मुनीरभाईंच्या फेऱ्या, बेडूक, सगळं आठवलं. मी बोलले, आणि बरंच बोलले. देवाचं देवाच्या जागी ठेवावं, असंही म्हणाले. शेवटी म्हणाले, "तुम्ही अडाणी असता तर समजू शकले असते. टाइपरायटरचा स्क्रू न् स्क्रू उघडून जोडणारा माणूस तुम्ही. यानं बटणं अडकतात हे तुम्हाला कळलं नाही?"

"कळतंय की, ताई. पयल्या दिवशीपासनं ठाव हाय."

ते खुर्चीवर बसले. वर्तमानपत्राच्या कडा वळवून भुकटी मध्ये गोळा करू लागले.

"मी कवाच लावत नव्हतो," ते म्हणाले. "मशीनला वंगण लावावं, भस्म कशाला? लावायची ती महानंदा. माझी लेक. टायपिंगच्या परीक्षेला बसणार हुती, मिनिटाला चाळीस शब्दांच्या. रोज सकाळी आंघोळ करून आली की आधी मशीनला पट्टे वडायची, मंग बसायची. मी वरडायचो. म्हणायची, अप्पा, त्याच्यानं बोटं चुकत न्हाईत. मी म्हणायचो, बोटं न्हाई चुकत, पण मशीन आडकंल. आन आडकलं की. परीक्षा आठ दिवसावर, आन तिच्या मशीनचा 'र' वर येईना. आत भस्म जमलेलं. लई बोललो मी तिला त्या दिवशी. आत्ता तुम्ही मला बोललाव ना, त्याच्या दुप्पट. देवाचं देवाजवळ ठेवावं, आसंबी म्हणलो."

मी वर्तमानपत्राची माझ्याकडची कडा धरली.

"मला खोलून जमंना, आन लातुरात मराठी मशीनचा मिस्त्री न्हवता. म्हणून मशीन खांद्यावर घेतलं आन येष्टीनं नांदेडला गेलो, मिस्त्रीकडं. निघताना ती डब्बा घेऊन दारात आली. मी घेतला न्हाई. रागात हुतो. मिस्त्री म्हणला, अप्पा, सकाळी देतो, ऱ्हावा आजच्या रोज. म्हणून राहिलो. सकाळी स्टँडवर आलो तर लोकं बोलायलेत, औशाकडं जमीन हालली म्हणून."

बाहेर रस्त्यावर सायकली जात होत्या. कुठल्या तरी क्लासची घंटा झाली.

"ते मशीन?" मी विचारलं.

"झकास झालं हुतं. 'र' आसा खटकन वर यायचा. एका शाळेला देऊन टाकलं." त्यांनी कागदाची पुडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. फेकली नाही. "सरला सांगा, ताई. जे हाय ते सांगा. माझ्यासाठी खोटं लिव्हू नका. मी उद्यापासनं लावत न्हाई. आठ-धा दिवसांत कीबोर्ड आपोआप बरा व्हईल. मला कामावर न्हाई ठेवलं तरी त्येंचं काय चुकत न्हाई."

मॉनिटरचं झाकण त्यांनी चारी बाजूंनी नीट ओढून घेतलं. दारात चपला घालताना म्हणाले, "तिला मी म्हणायला पायजे हुतं, लाव बाई. मशीनचं काय, मशीन दुरुस्त व्हतं."

मी कुलूप लावलं आणि घरी गेले. दळण राहिलं ते राहिलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचं जाड पारदर्शक प्लास्टिक कात्रीनं कापलं. यजमान म्हणाले, "अगं, चांगलं आहे की ते." मी म्हणाले, "म्हणूनच." साडेसातला, अप्पांच्या आधी, ऑफिस उघडलं. माऊसची चाकं कापसानं पुसली, कीबोर्ड पुन्हा एकदा झटकला आणि दोन्हींवर ते प्लास्टिक अंथरलं. वर एका चिठ्ठीवर लिहिलं, "अप्पा, आधी यावर लावा. मग हे उचलून बाजूला ठेवा आणि कामाला बसा." चिठ्ठी उडू नये म्हणून तिच्यावर स्टेपलर ठेवला.

मग सरांसाठी कागद घेतला. नोकरीच्या इतक्या वर्षांत मी कधी खोटं लिहून सही केली नव्हती, आणि याचा मला थोडा गर्वही होता. लिहिलं:

"दोन नंबरच्या कॉम्प्युटरचा कर्सर पळण्याचं कारण: धूळ. कोणामुळे: माझ्यामुळे. त्या टेबलामागची खिडकी मी रोज उघडी ठेवते. यापुढे पेपर छापण्याआधी मी स्वतः दोनदा तपासीन. ऑपरेटर बदलण्याची गरज नाही."

सही केली, तारीख टाकली, कागद सरांच्या टेबलावर ठेवला.

आणि परत येऊन खिडकी उघडायला घेतली. ती दोन वर्षांपूर्वी रंगकाम झालं तेव्हापासून चिकटून बसली होती. पंचिंग मशीननं चार ठोके घातले तेव्हा कुठे उघडली.