चिंचेनं घासलेला रुपया

माझं शिक्षण, माझी नोकरी आणि माझ्या पायातले बूट, या तिन्ही गोष्टी मला एकाच माणसामुळे मिळाल्या. आमगावचे निवृत्त पोस्टमन सेवकराम कापगते. आम्ही त्यांना काका म्हणतो. हे काका आठवडी बाजाराच्या ऐन गर्दीत जुनं नाणं बोटाच्या टोकावर तोलतात, टिचकी मारतात, कानाशी नेतात, दुसऱ्या कानात बोट घालतात आणि ओरडतात, "चूप राहा गा! रुपया बोलून राहिला!" भोंग्यावर उंदराचं औषध विकणारासुद्धा क्षणभर थांबतो.

गेले तीन बाजार काका आलेले नाहीत. माझ्याशी बोललेलेही नाहीत. चूक माझी आहे, आणि ती इतिहास घेऊन बी.ए. झालेल्या माणसालाच जमावी अशी आहे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बारावीनंतर बाबा मला राईस मिलमध्ये पोती उचलायला नेणार होते. काका डाक द्यायला आले ते कॉलेजचा फॉर्म घेऊनच. बाबांना म्हणाले, "मले याच्या नावाची डाक आणाची हाये. पोत्यावर हमालाचं नाव राहत नाई." फॉर्म त्यांनीच भरला. बाबांनी अंगठा उमटवला. आज मी गोंदियाच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात कारकून आहे आणि बाबा ते गावभर सांगतात.

नोकरी लागली तसा मी बाजाराच्या दिवशी काकांबरोबर जाऊ लागलो. लखनभाऊ नावाचा जुन्या मालाचा व्यापारी ताडपत्रीवर कुलपं, अडकित्ते, बंद घड्याळं मांडतो आणि मधोमध परातीत नाणी. काका परातीसमोर उकिडवे बसतात. मी शेजारी बसून पदवीधर चेहरा करतो.

पहिला धडा होता, "वर्षाखाली पाहाय." आपल्या नाण्यांवर वर्षाखाली टांकसाळीची बारीक खूण असते. हिरा असला तर मुंबई, चांदणी असली तर हैदराबाद, ठिपका असला तर नोएडा, काहीच नसलं तर कलकत्ता. काकांना हे इतकं भिनलंय की माणसांनाही ते तसंच ओळखतात. नव्या तलाठ्याला पाहून म्हणाले, "याच्यावर काहीच खूण नाई. कलकत्ता."

एकदा मी एक नाणं उंच धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ठिपका! नोएडा!"

काकांनी चष्मा वर केला, फुंकर मारली. ठिपका उडाला. तंबाखूचा कण होता.

"गेलं तुहं नोएडा," काका म्हणाले. लखनभाऊ हसता हसता परातीवर पडला.

दुसऱ्या बाजारी मी एकट्यानं सौदा केला. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारचं नाव. "अंग्रेज के टाइम का है, साहब," लखनभाऊ म्हणाला. मला कोणी साहब म्हटलं की मी काहीही घेतो. काकांनी नाणं वाजवलं आणि माझ्या हातावर परत ठेवलं.

"मुका हाये. आन् मले सांग बापू, गोऱ्या साहेबानं नाण्यावर हनुमान कायले पाडला असन? शनिवार करत होता का तो?"

त्यांचा आणखी एक नियम होता. घासलेलं नाणं घ्यायचं नाही. "तो मैल नोहय, वय हाये त्याचं." हा नियम मी वहीत लिहून ठेवला होता.

गेल्या महिन्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलीकडे रायपूरला गेले. काकू चार वर्षांपूर्वी वारल्या. घर बंद राहणार. म्हणून नाण्यांचा डबा माझ्याकडे दिला. "सांभाळ," एवढंच म्हणाले.

आणि मला उपकार फेडायची सुरसुरी आली. काकांचे डोळे नवे होऊन येणार, तर नाणीही नवी दिसायला हवीत! घासलेलं नाणं घ्यायचं नाही हा नियम घेण्याचा झाला, ठेवण्याचा नव्हे, असा मी शास्त्रार्थ काढला. आईकडून चिंच घेतली, चुलीतली राख घेतली, आणि सर्वांत काळा दिसत होता तो राणीछाप रुपया आधी धरला. तासाभरात राणी लग्नाला निघाल्यासारखी झाली.

बाकीची नाणी घासायच्या आतच काका परतले. मी डबा उघडून पुढे केला आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो. काकांनी रुपया उचलून उजेडात धरला. बराच वेळ धरला.

"हे काय केलं गा?"

"चिंचेनं घासला काका. आता नीट दिसेल तुम्हाला."

"हो. दिसून राहिलं." त्यांनी राणीच्या मानेवरून अंगठा फिरवला. "दर दिवाळीले तुही काकू याची पूजा करे. इथं तिचं हळदकुंकू बसलं होतं."

त्यांनी डबा बंद केला, काखेत घेतला आणि निघून गेले. मी दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. पोस्टमनला पत्र तरी परत करता येणार नाही, असा विचार करून काल मी हे पाठवलं:

"ती. काकांना नरेशचा साष्टांग नमस्कार.

घासताना पाणी तांबूस झालं होतं. मला वाटलं गंज निघतोय. चांदीला गंज चढत नाही, हे तुम्हीच शिकवलं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. ते पाणी मी मोरीत ओतलं. हे तुम्हाला सांगायची हिंमत त्या दिवशी झाली नाही.

आई म्हणते, नवं हळदकुंकू लावून दे. मी नाही म्हटलं. ते आईचं होईल, काकूंचं होणार नाही. माफी मागतो, पण माफीनंही ते परत येत नाही, एवढं कळतं मला.

रविवारी येतो. दार उघडलं नाही तर ओसरीवर बसून राहीन. हवं ते बोला, हाकला, पण समोर या. इतके दिवस तुम्ही त्या घरात एकटेच रागावून राहिलात. रागावायलाही घरात कोणीतरी लागतं, काका.

तुमचा,
नरेश"