हॉलिस्टरला खांदा

आयरीन व्रोबेल नवऱ्याच्या फुटबॉल जर्सीवरून हलक्या हाताने इस्त्री फिरवत होती, तेव्हा स्वयंपाकघरातल्या रेडिओने बातमी दिली की हॉलिस्टरला देऊन टाकला. हॉलिस्टर म्हणजे संघाचा क्वार्टरबॅक, अमेरिकन फुटबॉलमधला चेंडू फेकणारा मुख्य गडी, नऊ नंबरचा. त्याच्या हातून चेंडू सुटला की गेली सात वर्षं अख्खं गाव श्वास रोखून धरायचं. आणि दिला तोही तिकडच्यांना. सरोवरापलीकडच्या त्या संघाचं नाव व्रोबेलांच्या घरात कुणी घेत नसे. बदल्यात मिळणार होती कॉलेजातली दोन पोरं, आणि ती कोण हेही अजून ठरलं नव्हतं.

आयरीनचा हात थांबला. टेबलाशी बसून नातेवाइकांना फोन लावणारी तिची मुलगी डोरीनही थांबली. दोघी रेडिओकडे बघत राहिल्या. जळका वास आधी डोरीनला आला. इस्त्री उचलली तेव्हा जर्सीच्या छातीवरच्या, हॉलिस्टरच्याच नऊचं डोकं वितळून इस्त्रीला चिकटलेलं होतं.

एरवी यात रडण्यासारखं काही नव्हतं. पण तिच्या नवऱ्याला, लेन व्रोबेलला, शनिवारी पुरायचं होतं आणि ते याच जर्सीत. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात त्याने दोनच विषय लावून धरले होते. एक, सूट नको, जर्सी. दुसरा, हॉलिस्टरचा डावा गुडघा. "डॉक्टर मला सांगतात माझं काय बिघडलंय," तो म्हणायचा, "मी त्यांना सांगतो त्याचं काय बिघडलंय. आम्ही दोघंही एकमेकांचं ऐकत नाही."

अंत्यसंस्काराची व्यवस्था बघणारे मिस्टर पाझिक यांना कपडे शुक्रवारी सकाळी हवे होते. डोरीनने फोन केला तेव्हा त्यांनी छातीवर फुलं ठेवायचं सुचवलं. पण फुलांनी नऊ झाकला तर आजची बातमी ऐकलेला प्रत्येक माणूस म्हणणार, घरच्यांना लाज वाटली. नाही झाकला तर भोक. डोरीनने गाडी काढली.

दुकानात हॉलिस्टरच्या जर्स्या दुपारीच खोक्यात भरून मागे गेल्या होत्या. बाहेर पार्किंगमध्ये बर्फाच्या ढिगाऱ्याजवळ पाचसहा जण पिंपात काहीतरी जाळत उभे होते. मार्चात खेळाडूंची देवाणघेवाण झाली की गेलेल्याची जर्सी जाळायची इथली रीत. एका दाढीवाल्याच्या हातात नऊ नंबरची कोरी जर्सी होती. डोरीनने ती मागितली.

"घ्या की, ताई. काडेपेटी हवी?"

"जाळायला नको. घालायला हवीय. माझ्या वडलांना."

त्याने हात मागे घेतला. "जाळायला हवी तर घ्या. घालायला नाही देणार."

वडील वारलेत हे सांगायला डोरीनने तोंड उघडलं, पण पिंपातल्या आगीपुढे ते शब्द तिला उच्चारवेनात. ती तशीच चेटकाकांकडे गेली. चेट हा लेनचा धाकटा भाऊ. तीस वर्षं दोघं स्टेडियममध्ये शेजारीशेजारी बसले, एकसारख्या जर्स्या घालून.

चेटकाकांनी दार उघडलं ते हातात विस्तव ढोसायची सळई घेऊन. अंगणातलं पिंप अजून धुमसत होतं. त्यांनी डोरीनला कॉफी दिली, तिची चौकशी केली, आयरीन जेवते का ते विचारलं, आणि मग सांगितलं की त्यांची जर्सी त्या पिंपात आहे, म्हणजे होती. पुढचं सांगताना त्यांना तिच्याकडे बघवेना. शवपेटी उचलायला ठरलेले सहा जण, सगळे स्टेडियममध्ये लेनच्याच रांगेत बसणारे. तासभर एकमेकांना फोन चालले होते आणि त्यांचा निर्णय झाला होता.

"लेनला त्या जर्सीत ठेवलात तर पोरं खांदा देणार नाहीत."

ही पोरं म्हणजे सगळी पासष्टीच्या पुढची.

"काका, खांदा बाबांना द्यायचाय. हॉलिस्टरला नाही."

"पाठीवर नाव कुणाचं असणार? तिकडच्यांच्या माणसाचं. जन्मभर."

"जन्म संपलाय काका."

"तेच तर. आता बदलताही येणार नाही."

डोरीन घरी आली ती सहा माणसं कुठून आणायची याचा हिशोब करत. तिचा नवरा एक. पाझिकची माणसं दोन. शेजारच्या मिसेस डूडा दणकट होत्या, पण त्यांना विचारायचं कसं? आणि या सगळ्याखाली एक वेगळीच भीती होती. चेटकाकांचं खरं असेल तर? बाबांना ही बातमी कळली असती, तर त्यांनीच सूट मागितला असता?

तिने आईला विचारलं. आयरीन चाकूने इस्त्रीवरचा नऊ खरवडत होती.

"तो मार्चात सगळ्यांना शिव्या देतो," आयरीन म्हणाली. "संघ मेला म्हणतो. सप्टेंबरात सामने सुरू झाले की कपाटातून जर्सी काढतो."

"पण आई, ते मार्चात गेले."

आयरीनचा चाकू थांबला. मग ती वर गेली आणि तिने राखाडी सूट काढून पलंगावर ठेवला. जळकी जर्सी घडी करून त्याच्या शेजारी ठेवली.

शुक्रवारी सकाळी डोरीन दोन्ही घेऊन निघणार, तर दारात चेटकाका. हातात किराण्याची कागदी पिशवी. आत नऊ नंबरची जर्सी, धुतलेली, पोटावर मोहरीच्या चटणीचा एक जुना डाग.

"तुम्ही तर जाळलीत ना?"

चेटकाका बुटावरचा बर्फ झटकत राहिले. "स्वयंपाकाचा एप्रन जाळला. धूर दिसल्याशी कारण. शेजारीपाजारी बघतात." थोडं थांबून ते म्हणाले, "हे मला लेननंच शिकवलं. प्रत्येक वेळी आम्ही एप्रनच जाळले. काल जाळायला घेतला आणि त्याच्याशिवाय मजा येईना."

आतून आयरीन म्हणाली, "दर मार्चात माझे एप्रन कुठे जातात ते आज कळलं."

"आणि पोरं?" डोरीनने विचारलं.

"पोरांना फोन केले. त्यांच्याही आहेत कपाटात. एकानं तर उशीचा अभ्रा जाळला."

शनिवारी सहाही जणांनी खांदा दिला. जर्सी लेनला जरा सैल होत होती. पाझिकनी ती मागून चिमटे लावून बसवली, आणि डाग फुलांखाली घेतला. नऊ मात्र उघडा ठेवला. जमीन गोठलेली होती, पाद्रीबाबांनी आवरतं घेतलं, आणि सगळे चर्चच्या हॉलमध्ये पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, खायला आले.

चेटकाकांची दुसरी ताटली चालू होती तेव्हा कुणाचातरी फोन वाजला, मग आणखी दोघांचे. बातमी टेबलांवरून सरकत आली. व्यवहार मोडला. तिकडच्यांच्या डॉक्टरांनी हॉलिस्टरला तपासून परत पाठवला. डावा गुडघा.

डोरीनची मान आपसूक डावीकडे वळली. चर्चच्या जेवणांना तिकडे बाबा बसायचे. आता तिथे मिसेस डूडा होत्या, कोबी वाढून घेत.

चेटकाकांनी काटा खाली ठेवला. "म्हणजे तो सप्टेंबरात आपल्याकडेच," ते सावकाश म्हणाले. "आणि माझी जर्सी..."

सगळ्यांनी खिडकीबाहेर, दफनभूमीच्या दिशेने पाहिलं.

"घरी एक आहे," आयरीन म्हणाली. "लेनची. जरा जळलीय."

सप्टेंबरातल्या पहिल्या सामन्याला चेटकाका तीच घालून आले. छातीवर बिनडोक्याचा नऊ, कडेने इस्त्रीची तपकिरी टोकदार खूण. त्यांच्या शेजारी, लेनच्या खुर्चीत, डोरीन. मागच्या रांगेतल्या एकाने वाकून विचारलं, हे काय झालं.

"मार्चात जाळायला घेतली होती," चेटकाका म्हणाले. "मग दया आली."

माणूस भारावला. डोरीन मैदानाकडे बघत राहिली. खाली हॉलिस्टर लंगडत येत होता.