फियाटच्या माहेरी

सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं. आमची मैथिली जर्मनीत नोकरीला असते. मे महिन्यात पंधरा दिवस या, असा तिचा फोन आला, तेव्हा इतर आईबापांसारखी मुकाट्याने टूर कंपनीची बस धरायची सोडून मी म्हणालो, "आपण भाड्याने गाडी घेऊ. मी चालवतो." माझे असले बहुतेक निर्णय अनुपमा जागच्या जागी हाणून पाडते (लग्नाचा तेवढा राहिला, तेव्हा तिला अधिकार नव्हते). त्या दिवशी ती चपात्या लाटत होती, तिचं लक्ष नव्हतं. बाबांचं होतं.

बाबा म्हणजे आमचे तीर्थरूप, दत्ताराम. मूळचे पोलादपूरच्या वरच्या वाडीचे. मुंबईत बत्तीस वर्षं फियाट टॅक्सी चालवली आणि मग महाडला, चवदार तळ्यामागच्या आमच्या घरी राहायला आले. वय एक्क्याऐंशी आणि हृदय म्हणाल तर नावापुरतं. टॅक्सी भंगारात गेली त्या दिवशी ते जेवले नव्हते. आई गेली त्या दिवशी मात्र दोन घास खाल्ले होते. (आईला कळलं असतं तरी तिला नवल वाटलं नसतं.)

"युरोपात चाललाय तर वाटेत तुरीन लागंल ना रे सुध्या?" ते म्हणाले. "फियाटचं माहेर हाय ते. बायकोच्या माहेरी धा वेळा जाऊन आलो. जिच्यावर पोट भरलं तिचं माहेर एकदा पन नाय बघितलं."

नेतो म्हणालो. म्हणायला काय जातंय?

तहसील कचेरीत सत्तावीस वर्षं कारकुनी केल्यामुळे मला तक्ते फार छान करता येतात. मी युरोपचा नकाशा भिंतीवर चिकटवला आणि जुन्या गाड्यांची संग्रहालयं लाल पेनाने जोडली. श्टुटगार्टला दोन, मग फ्रान्समध्ये म्युलूझ, मग आल्प्स ओलांडून तुरीन, पुढे मोडेना. बाबांनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि तुरीन सोडून सगळ्यावर काट मारली. बाकीच्या शेठ लोकांच्या गाड्या, म्हणाले, त्यांच्यात आपलं काय काम. मला फक्त तुरीनच्या दारात उभं करा. त्यांनी या वयात पासपोर्ट काढला, फोटोसाठी दाढी केली आणि शेजारपाजारी सगळीकडे सांगून आले. डॉक्टरांनी अनुपमाला बाजूला घेऊन सांगितलं, न्यायचं असेल तर लवकर न्या. ते ऐकल्यापासून मला रात्री नीट झोप लागेना. त्या माणसाने माझ्याकडे जन्मात मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

अडचण एकच होती, ती म्हणजे मी. गाडी घेतल्यापासून चार वर्षांत एसटी स्टँडचं कुंपण, एका दूधवाल्याची सायकल आणि आमचंच फाटक (दोनदा) एवढ्यांशी माझा संबंध आलेला आहे. आंतरराष्ट्रीय परवाना मला मिळाला, कारण त्याला पुन्हा परीक्षा नसते. पण युरोपात गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने हाकतात, त्याचं काय? सराव हवा. हायवेवर उजवीकडून सराव केला असता तर सगळ्यांचे दहावे एकदमच उरकले असते. म्हणून फेब्रुवारीत आम्ही पाचाडला धोंडूआत्याकडे गेलो. ती बाबांची धाकटी बहीण. भात कापून झालेलं, शेतं मोकळी, मधून बैलगाडीची वाट.

बाबा शेजारी बसले. मी वाटेच्या उजव्या अंगाने गाडी सोडली. शंभर पावलं इतकी सुरेख गेली की मला इटलीचा वारा लागल्यासारखं वाटलं. तेवढ्यात समोरून आत्याची म्हैस आली. तीही तिच्या उजव्या अंगाने, म्हणजे कायदेशीर चालत होती. पण माझ्या मनाने ऐन वेळी भारतात परत यायचं ठरवलं. मी डावीकडे वळवली, बांध ओलांडला आणि पेंढ्याच्या उडवीत शिरलो. पुढची काच पेंढ्याने भरली, गाडीत अंधार झाला. आत्या बाहेरून ओरडून विचारत होती, भाऊ जिता हाय का. बाबांनी डोक्यावरचा पेंढा झाडला आणि शांतपणे म्हणाले, "सुध्या, तू नकाशा वाच. चाक दुसऱ्या कुनाला दे."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले असताना बाबा गेले. पोटावर युरोपचा तक्ता होता. मी हाक मारली, पुन्हा मारली, आणि मग तिथेच जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडलो. दोन महिने थांबले असते तर काय बिघडलं असतं?

भेटायला येणारा प्रत्येक माणूस आधी हात जोडायचा आणि मग हळूच विचारायचा, गाडीतच का? मी म्हणायचो, नाही, हृदयाने. यावर तो मान हलवून म्हणायचा, हां, पण त्या पेंढ्याचा धसका असणारच. चौथ्या दिवसापर्यंत निम्म्या तालुक्यात मी पितृघातकी ठरलो होतो. पाचव्या दिवशी कुरियरवाला बाबांचा पासपोर्ट घेऊन आला. व्हिसा लागला होता. ज्यांचं नाव त्यांचीच सही लागेल, तो म्हणाला, कुठे गेलेत? अनुपमाने त्याला आत बोलावून हार घातलेला फोटो दाखवला. त्याने चपला काढून नमस्कार केला आणि माझी सही घेतली.

दहाव्याला सावित्रीच्या घाटावर पिंड ठेवले. शेजारी चहाचा कप, तंबाखूची पुडी, सगळं बाबांच्या आवडीचं. समोरच्या करंजाच्या झाडावर कावळे होते, पण एक खाली उतरेल तर शपथ. अर्धा तास गेला. भटजी घड्याळ बघायला लागले. माणसाचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि ते पुरं करतो असं मोठ्याने सांगावं लागतं. बाबांचे चुलतभाऊ हैबतीकाका म्हणाले, वाडीवरच्या बांधाचं भांडण मिटवतो म्हण. म्हणालो. कावळे ढिम्म. दारू सोडतो म्हण, कुणीतरी सुचवलं. मी घेत नाही, तरी सोडली.

मग माझ्याच लक्षात आलं. मी हात जोडून म्हणालो, "बाबा, तुमचा फोटो घेऊन तुरीनला जातो. फियाटच्या दारात उभं करतो तुम्हाला."

एक म्हातारा कावळा फांदीवरून उतरला, उड्या मारत पिंडापासून दोन हातांवर आला. सगळ्यांनी श्वास रोखला. मला हुंदका आवरेना. त्या भरात मी पुढे म्हणालो, "मी स्वतः गाडी चालवत नेतो, बाबा."

कावळा थांबला. त्याने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि उडून परत फांदीवर जाऊन बसला.

तेवढ्यात वरच्या पायरीवर बायकांमध्ये उभी असलेली अनुपमा पदर सावरत खाली आली. भटजी काही म्हणणार, तोवर तिने हात जोडले होते.

"मामंजी, गाडी मी चालवीन," ती म्हणाली. "ह्यांना चाकाला हात लावू देणार नाही."

तीन कावळे एकदम उतरले. पिंड तर खाल्लेच, चहाचा कपही लवंडला.

आता, अनुपमाने जन्मात गाडीचं चाक हातात धरलेलं नाही. तिला सायकलसुद्धा येत नाही. हे घाटावर प्रत्येकाला ठाऊक होतं, बाबांना तर होतंच. मी ओल्या धोतराने पायऱ्या चढत असताना हैबतीकाकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेव नको रे," ते म्हणाले. "दत्तारामाला आता मरायची भीती कसली? तरी पन तुझ्या गाडीत बसायला तो काय तयार झाला नाय."