भोईरकाकांची उघाडी

भोईरकाका कुणाला ‘कसं काय’ विचारत नाहीत. ‘किती टक्के?’ असं विचारतात. माणूस ऑफिसातला असला तर आपली डिस्क किती भरली तो आकडा सांगतो. नवखा असला तर गोंधळून दहावीचे मार्क सांगतो. मी स्वतः सांगितलेत, म्हणून खात्रीनं बोलते.

तुर्भ्याला आमच्या कंपनीत सर्व्हरांचा एक मोठा जथा आहे, त्याला क्लस्टर म्हणतात. त्यातलं प्रत्येक यंत्र दर दहा सेकंदांनी आपली तब्येत कळवतं. ताप किती, भार किती, मेमरी किती उरली. या नोंदी एवढ्या साचतात की त्या ठेवायची डिस्कच भरायला येते, आणि ती भरली की कुठलं यंत्र कधी आजारी पडलं ते आम्हाला कळतच नाही. ती भरू न देणं हे काकांचं काम. पंधरा दिवसांपेक्षा जुनी नोंद ते पुसून टाकतात. सगळे याला क्लीनअप म्हणतात, काका उघाडी म्हणतात. त्यांचे वडील मिठागरावर होते. साचलेलं पाणी खाडीत सोडायला बांधाला जे दार असतं, ती उघाडी. रोज सकाळी साडेदहाला कमांड देऊन ते अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं सांगतात, ‘उघाडी काढली गो बाय!’

बरं, हे डिस्कपुरतं राहिलं असतं तर ठीक. फ्रिजमधल्या डब्यांवर ते तारखा चिकटवतात. माझ्या आईनं साताऱ्याहून आणलेलं लोणचं सोळाव्या दिवशी कचऱ्यात गेलं. लोणचं मुरतं हो, काका! दोन दिवस बोलले नाही मी त्यांच्याशी. पुतण्याच्या हळदीत वाढपी तिसऱ्यांदा मटण घेऊन आला, तर ताटावर हात आडवा धरून म्हणाले, ‘ऐंशी टक्के झाला, बस.’ मोठ्या साहेबांनी एकदा नवी मोठी डिस्क घेऊ म्हटलं, तर काकांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. जागा वाढवली की माणूस आळशी होतो, हे त्यांचं म्हणणं.

मी एकटीनं सांभाळलेली पहिली पाळी सकाळची होती. त्या दिवशी मी एका सर्व्हरची एक सेटिंग बदलली, आणि थोड्याच वेळात आमच्या एका मोठ्या ग्राहकाचं काम तासभर बंद पडलं. महिन्यानं त्यांची तक्रार आली. चूक कुणाची? सेटिंग माझ्या नावावर. आधीपासून काही बिघडलं होतं का, हे त्या दिवसाच्या नोंदींतून कळलं असतं, पण पंधरा दिवसांनी त्या उघाडीतून वाहून गेलेल्या. मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, आता काय करणार, तुला सोडावं लागेल. बाबा बाजारात पाठीवर पोती वाहतात, त्यांना काय तोंड दाखवू?

कोपऱ्यात बसलेले काका उठले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

‘साहेब, एक फोल्डर हाय. नियमाबाहेरचा हाय. माझाच हाय.’

मीटिंगमधले सगळे त्यांच्याकडे बघतच राहिले. कुणीतरी हसलंही. काकांनी मान खाली घालून फोल्डर उघडलं. त्यात माझा तो दिवस जसाच्या तसा होता. मी हात लावायच्या दोन तास आधीपासून त्या सर्व्हरची मेमरी भरत चालली होती. माझी नोकरी वाचली. आणि आयुष्यभर दुसऱ्यांचा साठा पकडणारा माणूस सगळ्यांसमोर साठेबाज ठरला. आजही कुणी त्यांना त्यावरून चिडवलं तर माझा हात शिवशिवतो.

मीटिंगनंतर मी त्यांच्याकडे गेले. फोल्डर अजून उघडंच होतं. माझ्याखेरीज आणखी पंचवीस-तीस नावं होती. त्यातले कितीतरी केव्हाच पुण्याला, परदेशात निघून गेलेले. प्रत्येकाचा एकच दिवस ठेवलेला, ज्या दिवशी त्यानं पहिल्यांदा एकट्यानं पाळी सांभाळली तो.

‘पोरं घाबरलेली असतात, तरी निभावतात,’ काका पुटपुटले. ‘मना बरा वाटतो बघायला.’

मी नावं वरपासून खालपर्यंत वाचली. काकांचं नव्हतं.

‘काका, तुमचा दिवस कुठाय?’

ते टेबलावरची धूळ बोटानं पुसत राहिले. ‘माझे टायमाला कोनी ठेवला नाय. दुसरे दिवशी कसा गेला म्हनून कोनी विचारला पन नाय.’

शेजारची खुर्ची ओढून मी बसले.

‘कसा गेला होता, काका?’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग सांगायला लागले. जेवणाची सुट्टी होऊन संपलीसुद्धा. आम्ही दोघं डबे न उघडता तिथेच बसलो होतो.